दुसऱ्या सिलिंडरचा त्याग

दिनकरराव वाघोलीकरांनी आयुष्यात एकच त्याग केला आणि तो माइकवर केला. माइक नसता तर तो झालाच नसता, असं कुसुमावतीबाई आजही म्हणतात. दिनकररावांना हे मान्य नाही. त्यांच्या मते तो पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय होता. विचार फक्त निर्णयानंतर दहा दिवसांनी सुरू झाला, इतकंच.

दिनकरराव केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते. स्वयंपाकाच्या गॅसवर आणि रॉकेलवर सरकारनं सवलत का द्यावी, याची फाईल बावीस वर्षं त्यांच्या टेबलावरून ये-जा करत होती. सरकारं बदलली, मंत्री बदलले, पण 'सवलत चालू ठेवावी, कारण' अशी सुरुवात असलेली टिप्पणी बदलली नाही. ती दिनकररावांची होती. अलीकडे मात्र वारं फिरलं होतं. उदारीकरण आलं होतं, वरचे साहेब समासात पेन्सिलीनं 'आणखी किती दिवस?' असं लिहू लागले होते, आणि त्याच इमारतीत दोन मजले वर सूर्य, वारा आणि शेण यांना सवलत देणारं एक नवं ऑफिस थाटलं गेलं होतं. त्या ऑफिसची माणसं लिफ्टमध्ये भेटली की दिनकरराव मान डोलावत, पण बोलत नसत.

तरी डिसेंबरात त्या ऑफिसनं आवारात टेबल मांडून कर्मचाऱ्यांना सवलतीत सोलर कुकर द्यायला सुरुवात केली, तेव्हा रांगेत तिसरा नंबर दिनकररावांचा होता. तत्त्व वेगळं आणि सवलत वेगळी. आधी पूर्ण किंमत भरायची, मग इन्स्पेक्टर घरी येऊन कुकर चालतो की नाही ते बघणार, आणि चालत असेल तर सवलतीचा चेक पाठवणार, अशी योजना होती. कुकर मांडीवर घेऊन दिनकरराव ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसनं दिल्लीहून नोएडाला आले. कंडक्टरनं कुकरचं वेगळं तिकीट फाडलं.

नोएडाचं घर नवंच होतं. एकोणीस वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढून वाघोलीकर मंडळी दसऱ्याला इथल्या सेक्टरात स्वतःच्या घरात आली होती. डोक्यावर स्वतःची गच्ची असणं हा त्यांच्या घराण्याला दिल्लीत प्रथमच आलेला अनुभव होता, आणि तिच्यावर काहीतरी मांडून ठेवावं असं दिनकररावांना रोज वाटे. ट्रंकेएवढी पेटी, आत काळा रंग दिलेली झाकणाची चार भांडी, त्यांवर काच आणि उघड्या झाकणाला आतून आरसा, असा तो कुकर गच्चीवर बसला. शेजारचे भाटियाजी भिंतीवरून वाकून बराच वेळ बघत राहिले. त्यांच्याकडे तेव्हा नुकतीच केबल आली होती.

"वाघोलीकर साब, इसमें कौन-कौन से चॅनल आते हैं?"

यात भात शिजतो, असं दिनकररावांनी सांगितलं. भाटियाजींनी कीव आल्यासारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून एक मोठं पातेलं भरून शिजवलेला राजमा आला.

कुसुमावतीबाई कुकर बघून एवढंच म्हणाल्या, "राहू द्या गच्चीवर." यावरून त्यांना तो आवडला नाही असं दिनकररावांनी ठरवलं. ते सकाळी आठला घर सोडत आणि सातला परत येत, म्हणजे त्यांची आणि सूर्याची गाठ फक्त रविवारी पडे, आणि रविवारी बघावं तर कुकरच्या काचेवर पापड वाळत घातलेले असत. एवढी सरकारी योजना, आणि तिचं पापडाचं पटांगण झालं, या विचारानं ते हळहळत. पण चेक येईपर्यंत बोलायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं होतं.

जानेवारीत सेक्टरातल्या मराठी मंडळाचा तिळगूळ समारंभ झाला. मंडळाचे सेक्रेटरी सुभेदार मारुतराव. साताऱ्याकडचे, तीस वर्षं फौजेत काढून दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून रिटायर झालेले आणि आता इथल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. मंडळाचा कार्यक्रमही ते परेडसारखाच घेत. त्या वर्षी त्यांनी वादविवाद ठेवला होता आणि दिनकररावांना मान द्यावा म्हणून विषय निवडला होता : 'सरकारी सवलत कुणाला, सूर्याला की सिलिंडरला?' दिनकररावांना तयारी अशी करायचीच नव्हती. बावीस वर्षांची टिप्पणी त्यांना पाठ होती. पण मारुतरावांना पक्षपात खपत नसे. त्यांनी आपली माकडटोपी उलटी केली, तीत दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि म्हणाले, "सायेब, उचला."

दिनकररावांनी उचलली. तिच्यावर 'सूर्य' असं लिहिलं होतं. त्यांनी ती उलटून पाहिली. मागे काही नव्हतं.

सिलिंडरच्या बाजूनं शाळेतल्या वैजयंतीबाई बोलल्या. "चुलीपुढं बसून ज्या बायकांचे डोळे गेले त्यांना विचारा सवलत कशाला म्हणतात," त्या म्हणाल्या. "गॅसवरचा एकेक पैसा सरकारनं बाईच्या फुप्फुसासाठी दिलाय." दिनकररावांच्या टिप्पणीतला हा मुद्दा क्रमांक चार होता. बावीस वर्षांत तो कुणाला इतका चांगला मांडता आला नव्हता, खुद्द दिनकररावांनाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत कुसुमावतीबाईंनी सर्वांत शेवटपर्यंत वाजवल्या, आणि हे दिनकररावांनी व्यासपीठावरून पाहिलं.

मग ते उठले. कोळसा संपेल, तेल संपेल, असं त्यांनी सांगितलं. सूर्य बिल पाठवत नाही, असंही सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, "अहो, पण तो सूर्य आहे कुठे?" बाहेर आठ दिवस धुकं होतं. हॉल हसला. क्षिप्रा, त्यांची बारावीतली मुलगी, तीही हसली. दिनकररावांना कानांपर्यंत ऊन लागल्यासारखं झालं, आणि त्यांचा हात वर गेला.

"नुसतं बोलून काय होणार? मी आज, या व्यासपीठावरून जाहीर करतो, की माझ्या घरातला दुसरा सिलिंडर मी सरकारला परत करत आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिनकररावांना पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणून मोठी कढई होती.

आता या दुसऱ्या सिलिंडरविषयी थोडं सांगायला हवं. त्या काळात गॅसला नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबत, आणि दुसरा सिलिंडर मिळणं ही तर बढतीइतकी मोठी गोष्ट होती. कुसुमावतीबाईंनी त्यासाठी सात वर्षं वाट पाहिली होती. नंबर कुठवर आला ते विचारायला दर महिन्याला त्या स्वतः जात, कारण दिनकररावांना गॅसच्या फाईलमुळे गॅसच्या रांगेसाठी वेळ मिळत नसे. ज्या दिवशी तो आला त्या दिवशी त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. आर. के. पुरमहून सामान हलवताना पलंग, कपाट, फ्रिज सगळं टेम्पोच्या मागं गेलं आणि हा सिलिंडर पुढं, त्यांच्या पायांशी. पुरण शिजताना गॅस संपला आणि शेजारी धावत जावं लागलं नाही, याचा आनंद काय असतो हे फक्त त्यांना माहीत होतं.

घरी येताना क्षिप्रानं विचारलं, "बाबा, तुम्ही सच्ची बोललात की ऐसे ही?"

"भाषणात असं बोलायचं असतं गं. उद्या कुणाच्या लक्षात राहतंय?"

कुसुमावतीबाई दोन पावलं पुढं निघाल्या. कढई त्यांच्या हातात होती.

मारुतरावांच्या लक्षात राहिलं होतं. फौजेत तोंडातून गेलेला शब्द हा हुकूम असतो. सकाळी सातला ते स्कूटर, दोरखंड आणि पत्नी तानूबाई यांना घेऊन दारात उभे.

"सायेब, सिलिंडर काढा भायेर. एजन्शी नवाला उगाडती. पयला नंबर आपलाच लावू."

"अहो मारुतराव, ते एक तात्त्विक विधान होतं."

"व्हय तर! लई भारी हुतं. कर्नलसायबांच्या भाषणाला बी येवड्या टाळ्या पडल्या न्हाईत कवा. आनि सायेब, म्या रातच्याला समद्यास्नी फोन बी केले. इतिवृत्तात लिवलंय."

इतिवृत्तात लिहिलंय, हे ऐकल्यावर दिनकररावांचा नाइलाज झाला. जे इतिवृत्तात आलं ते घडलं, हा त्यांचा आयुष्यभराचा विश्वास होता. तानूबाई कुसुमावतीबाईंजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "वैनी, खरंच देताय व्हय?"

"मला कशाला विचारता?" कुसुमावतीबाई म्हणाल्या. "कनेक्शन त्यांच्या नावावर आहे."

एजन्सीच्या मॅनेजरनं सिलिंडरकडे पाहिलं, मग दिनकररावांकडे पाहिलं.

"लीक कर रहा है?"

"नहीं."

"ट्रान्सफर हो गया?"

"नहीं. लौटाना है. सिद्धांत की बात है."

मॅनेजरनं गोदामातल्या दोघांना हाक मारून बोलावलं. त्यांनीही दिनकररावांना बघून घेतलं. "साब, यहाँ लोग लेने आते हैं," मॅनेजर म्हणाला, "लौटाने का तो रजिस्टर ही नहीं है." इथे दिनकररावांमधला सेक्शन ऑफिसर दुखावला. सरकारी सवलत स्वीकारण्याची सोय आहे आणि परत करण्याची नाही, ही प्रशासकीय त्रुटी होती. त्यांनी तिथल्या तिथे बाकावर बसून इंग्रजीत पाच परिच्छेदांचा अर्ज लिहिला, तीन प्रतींत. सिलिंडर परत करत आहे एवढं पहिल्याच परिच्छेदात आलं होतं. पण पाच परिच्छेदांहून लहान अर्ज त्यांना उघडाबोडका वाटे, म्हणून दुसऱ्यात खनिज तेलाचे साठे आले, तिसऱ्यात परकीय चलन आलं, आणि चौथ्यात, भाषेच्या ओघात, 'माझ्या कुटुंबाच्या स्वयंपाकाची संपूर्ण गरज सोलर कुकरवर भागते' असं वाक्य आलं. वाक्य छान झालं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

दहा दिवसांनी पहिला सिलिंडर संपला. आमटीला फोडणी पडली आणि शेगडी विझली. दिनकरराव बुकिंगला गेले तर मॅनेजर उठून उभाच राहिला.

"साब, आपका तो कनेक्शन ही बंद हो गया. आपकी चिठ्ठी हमने ऊपर भेजी थी. आपने खुद लिखा है कि पूरी रसोई धूप पर चलती है. अब जिसकी पूरी रसोई धूप पर चलती है, उसको सरकार सब्सिडी की गॅस क्यों दे?"

दिनकररावांनी त्या पत्रावरचा वरचा शेरा वाचला. तर्क बिनचूक होता. त्यांच्याकडे ही फाईल आली असती तर त्यांनी हेच लिहिलं असतं. "दस दिन में फाइल वापस आ गई," मॅनेजर कौतुकानं म्हणाला. "इतनी जल्दी तो कोई फाइल नहीं आती."

आणि मग वाघोलीकरांच्या घरात देशाच्या ऊर्जा धोरणाचा प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाला. सरकार ज्या ज्या इंधनावर सवलत देतं ते प्रत्येक इंधन त्यांना कागदावर उपलब्ध होतं. गॅस सवलतीत होता, पण तो त्यांनी परत केला होता. रॉकेल सवलतीत होतं, पण रेशनकार्ड अजून आर. के. पुरमच्या दुकानावर होतं आणि ते इकडे आणायचं तर दोन राज्यांचे दोन शिक्के हवे होते. वीज सवलतीत होती, भाटियाजींच्या सल्ल्यावरून त्यांनी कॉइलची शेगडीही आणली, पण शेगडी लावली की वीज जाई, आणि दुसऱ्या कशानं वीज गेली तरी भाटियाजी भिंतीपलीकडून विचारत, "हीटर लगाया था क्या?" उरला सूर्य. त्याला तर दोन मजले वरचं अख्खं ऑफिस होतं, पण तो धुक्यात होता.

तानूबाईंनी त्यांचा वातीचा स्टोव्ह आणि बाटलीभर रॉकेल दिलं म्हणून घर चाललं. डोळे पुसत पुसत कुसुमावतीबाई पिठलं ढवळत आणि दिनकरराव दारात उभे राहून विचारत, "फार धूर होतोय का?" त्या स्टोव्हची वात खाली करत. डब्यात पोळीऐवजी ब्रेड येऊ लागला. ऑफिसात ही बातमी पोचली तेव्हा दोन मजले वरचा एक माणूस लिफ्टमध्ये त्यांना म्हणाला, "अभिनंदन! तुम्ही आमच्यात आलात." दिनकरराव एक मजला आधीच उतरले.

रविवारी त्यांनी कुकर स्वतःच्या हातात घेतला. काचेवरचे पापड काढले, तांदूळ ठेवले, आणि दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघितलं. चार वाजता त्यांनी ते तांदूळ खाली आणले. क्षिप्रा म्हणाली, "बाबा, हे तर भिगोये हुए चावल आहेत." पुढचा रविवारही असाच गेला. या यंत्रात भात शिजत नाही, अशी त्यांची खात्री पटली. एका परीनं त्यांना बरंच वाटलं.

कारण मॅनेजरनं एक वाट दाखवली होती. सोलर कुकरवर घराचं भागत नाही, असं एखाद्या सक्षम अधिकाऱ्यानं लिहून दिलं तर कनेक्शनचा फेरविचार होऊ शकेल. सक्षम अधिकारी कोण? तर सोलर कुकर तपासणारा इन्स्पेक्टर. त्याचं पत्र नेमकं त्याच आठवड्यात आलं : सात फेब्रुवारीला तपासणीस येत आहे, कृपया उपकरण चालू स्थितीत दाखवावे. म्हणजे कुकर चालला तर चेक येणार आणि गॅस जाणार. नाही चालला तर गॅस येणार आणि चेक जाणार. एकाच माणसाच्या एकाच सहीवर सरकारच्या दोन सवलती समोरासमोर येऊन ठाकल्या होत्या. दिनकररावांनी कागदावर उभी रेघ मारून दोन्ही बाजू मांडल्या. एका बाजूला चेक होता. दुसऱ्या बाजूला त्यांनी 'कुसुम' एवढंच लिहिलं आणि कागद फाडून टाकला. कुकर चालता कामा नये, हे ठरलं.

सात तारखेला रथसप्तमी होती.

दिनकररावांनी रजा टाकली. उठल्याबरोबर गच्चीवर जाऊन आले. धुकं छान होतं, भाटियाजींची टाकीसुद्धा दिसत नव्हती.

"आज हे असंच राहिलं तर काम झालंच म्हणायचं," ते खाली येऊन म्हणाले. "आज सूर्य यायलाच नको."

कुसुमावतीबाई पाटावर रांगोळीनं सूर्याचा रथ काढत होत्या. त्यांचा हात थांबला. गॅस संपल्यापासून एवढ्या दिवसांत त्या प्रथमच रागावून बोलल्या.

"रथसप्तमीला म्हणताय हे? आजच्या दिवशी? सिलिंडर गेला तर गेला. मी काही त्याला येऊ नकोस म्हणणार नाही."

त्यांनी पाट गच्चीवर नेला. तानूबाई जवळच्या गावातून पदराखाली पाच गोवऱ्या घेऊन आल्या होत्या. रथसप्तमीला सूर्यासमोर गोवऱ्यांवर बोळक्यात दूध तापवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं, हा त्यांच्याकडचा नेम. या एका इंधनावर वाघोलीकरांच्या घरात सरकारची कसलीही सवलत नव्हती, आणि तेच तेवढं वेळेवर आलं होतं. साडेनऊला दूध वर आलं, पूर्वेकडे उतू गेलं, आणि तेवढ्यात धुकं फाटलं. अशी स्वच्छ, खणखणीत उन्हं पडली की भाटियाजी बनियनवर बाहेर आले.

कुसुमावतीबाईंनी सूर्याला नमस्कार केला, मग कुकरमध्ये एका भांड्यात खिचडी आणि दुसऱ्यात तांदळाची खीर ठेवली, झाकण लावलं आणि आरसा उन्हाला लावून खाली गेल्या. दिनकररावांनी आजूबाजूला बघितलं आणि आरसा हळूच उत्तरेकडे वळवला. अर्ध्या तासानं त्या वर आल्या, आरसा परत उन्हाला लावला आणि खाली गेल्या. त्यांनी परत वळवला. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी त्या खाली गेल्याच नाहीत, तिथेच तानूबाईंबरोबर वाटाणे सोलत बसल्या. दिनकररावांना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहावं लागलं.

अडीच वाजता इन्स्पेक्टर आले. चौहान नावाचे, थकलेले गृहस्थ. सायकल खाली लावून ते गच्चीवर आले, घाम पुसला आणि फॉर्म काढला.

"उपकरण कौन चलाता है?"

"मी. म्हणजे, मैं," दिनकरराव म्हणाले. कुकर त्यांच्या नावावर होता.

"चावल में कितना टाइम लगता है?"

दिनकररावांनी विचार केला. स्वयंपाकाच्या इंधनावर त्यांनी बावीस वर्षं टिप्पण्या लिहिल्या होत्या. "बीस मिनट," ते म्हणाले.

चौहान यांनी पेन खाली ठेवलं. "साब, बीस मिनट में तो इसका शीशा भी गरम नहीं होता."

"दो घंटे," कुसुमावतीबाई वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या. "जाड़े में ढाई. दाल भिगोकर रखो तो तीन. हर आधे घंटे में घुमाना पड़ता है. बीच में खोलना नहीं."

मग त्या उठल्या, खाली गेल्या आणि स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आल्या. त्यावर दुधाच्या आकड्यांशेजारी काही तारखांवर छोटे गोल काढलेले होते. डिसेंबरपासून आजपर्यंत सत्तावीस गोल होते. ज्या ज्या दिवशी ऊन होतं त्या त्या दिवशी वरण आणि भात या कुकरमध्ये शिजले होते. चार वाजता भांडी काढली की त्या काचेवर उरलेल्या उन्हात पापड घालत, आणि रविवारी सगळे घरी म्हणून गरम पोळ्या गॅसवर करत. म्हणूनच तो एक सिलिंडर इतके दिवस पुरला होता. दिनकरराव कॅलेंडरवरच्या तारखा वाचत गेले. त्यांतल्या काही तारखांना त्यांनी रात्री जेवताना 'आज भात छान झालाय' असं म्हटल्याचं त्यांना आठवलं. त्यांना फार लाज वाटली.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

कुसुमावतीबाईंनी झाकण उघडलं. खिचडी मोकळी शिजली होती, खीर आटली होती. चौहान यांनी पहिल्या वाटीला नाही म्हटलं आणि नंतर दोन वाट्या खाल्ल्या. "तो लिखूँ? चलता है?"

"ऊन असलं तर दोन पदार्थ होतात," कुसुमावतीबाई म्हणाल्या, आणि मग हिंदीत, सावकाश, "पर रोटी नहीं होती. तड़का नहीं लगता. चाय नहीं बनती. धूप नहीं तो कुछ भी नहीं. ये भी चाहिए और गॅस भी चाहिए. दोनों लिखिए."

"मॅडम, फॉर्म में तो हाँ या ना है."

इथे दिनकरराव पुढे झाले. अशा प्रसंगासाठीच त्यांचा जन्म होता. "शेऱ्याचा रकाना असतो," ते म्हणाले. "शेवटच्या पानावर, मागे." होता. त्यांनी खिशातून पेन काढलं, घसा साफ केला आणि मजकूर सांगायला सुरुवात केली, "खनिज तेलाच्या जागतिक साठ्यांचा विचार करता"

"दोन ओळी," कुसुमावतीबाई म्हणाल्या.

बावीस वर्षांत दिनकररावांनी दोन ओळींत कधी काही लिहिलं नव्हतं. त्यांना अर्धा तास लागला. पहिली ओळ : 'ऊन असताना उपकरण उत्तम चालते.' दुसरी ओळ : 'ऊन खात्याच्या अखत्यारीत नसल्याने घराची गरज केवळ यावर भागत नाही.' चौहान यांनी सही केली. नंतर असं झालं की सोलरवाल्यांनी पहिली ओळ वाचून चेक पाठवला आणि गॅसवाल्यांनी दुसरी ओळ वाचून बोलावणं धाडलं. दोन्ही ओळी कुणीच वाचल्या नाहीत.

एजन्सीत या वेळी कुसुमावतीबाई स्वतः गेल्या. बरोबर दिनकरराव, आणि स्कूटरवर मारुतराव, दोरखंडासह. मॅनेजर म्हणाला की ज्याच्या नावापुढं 'स्वेच्छेने बंद' असं लागलं त्या नावावर कनेक्शन परत सुरू करायचा फॉर्म नाही. पत्नीच्या नावावर बदलून घ्यायचा मात्र आहे. तो फॉर्म त्यानं काढला. तो नवरा वारल्यावर भरायचा होता. दिनकरराव शेजारीच उभे होते. ते दोन पावलं पुढं सरकले, म्हणजे स्पष्ट दिसावेत.

"कारण वाले खाने में 'मृत्यु' छपा है," मॅनेजर संकोचून म्हणाला, "पर आगे 'अन्य' भी है. 'अन्य' में कुछ लिख दीजिए."

कुसुमावतीबाईंनी पेन घेतलं आणि 'अन्य' पुढं हिंदीत स्वच्छ अक्षरांत लिहिलं : पति ने भाषण दिया.

मॅनेजरनं ते वाचलं. गोदामातल्या दोघांना बोलावून वाचून दाखवलं. मग त्यानं शिक्का मारला. पहिला सिलिंडर भरून मिळाला. दुसऱ्याचं काय, असं विचारायची दिनकररावांची हिंमत नव्हती, कुसुमावतीबाईंनी विचारलं. तो गोदामाच्या कोपऱ्यात तसाच उभा होता. परत आलेल्या सिलिंडरचं रजिस्टर नव्हतं, त्यामुळे तो कुठं नोंदवता आला नव्हता, आणि नोंद नसल्यामुळे कुणाला देताही आला नव्हता. त्याच्या गळ्यात एक चिठ्ठी होती, तिच्यावर 'विचाराधीन' असं लिहिलं होतं. मारुतरावांनी त्याला सलाम ठोकला आणि दोरखंड सोडला. घरी आल्यावर कुसुमावतीबाईंनी दोन्ही सिलिंडरांना हळदकुंकू लावलं, एक शेगडीला जोडला, आणि बक्षिसाच्या कढईत त्या दिवशी पहिल्यांदा भजी तळली. भाटियाजींकडेही ताट गेलं.

त्या वर्षभर रविवारी दर अर्ध्या तासानं गच्चीवर जाऊन कुकर फिरवायचं काम दिनकररावांकडे होतं. चेक त्यांच्या नावावर आला होता, तेव्हा हे रास्तच होतं. भाताला अडीच तास लागतात हे आता त्यांना पाठ झालं, आणि ऑफिसातल्या टिप्पणीत त्यांनी तसं लिहिलंही, पण वरच्या साहेबांनी ते वाक्य 'अनावश्यक' म्हणून खोडलं.

पुढच्या संक्रांतीला मंडळात पुन्हा वादविवाद होता. मारुतरावांनी माकडटोपी फिरवली आणि दिनकररावांच्या हाती 'टीव्ही नको' अशी चिठ्ठी आली. ते झकास बोलले. केबलनं घरातलं बोलणं बंद केलं, मुलांचं मराठी गेलं, जेवणं मुकी झाली, असं एकापाठोपाठ एक सांगत गेले. टाळ्या पडू लागल्या. दिनकररावांचा हात वर गेला.

"म्हणूनच मी आज, या व्यासपीठावरून जाहीर करतो, की"

पहिल्या रांगेत मारुतराव ताठ झाले आणि त्यांनी खिशातली डायरी काढली. तिसऱ्या रांगेत कुसुमावतीबाई शांतपणे बसल्या होत्या. दिनकररावांनी हात खाली घेतला, समोरच्या ग्लासातलं पाणी संपवलं, आणि माइकच्या अगदी जवळ येऊन म्हणाले,

"की घरी विचारून सांगतो."